मराठी विनोदी कथाकथनाच्या ध्वनिफिती : पुनःश्रवणाचा प्रश्न आणि मुळशीचा दाखला

१

विनोद ही अल्पायुषी वस्तू आहे असे सामान्यतः मानले जाते. एकच विनोद दुसऱ्यांदा ऐकताना श्रोता सौजन्यापोटी हसतो. तिसऱ्यांदा ऐकताना तेवढेही करीत नाही. हास्याची तात्त्विक मीमांसा करणाऱ्यांनी या अनुभवाला शास्त्राचे पाठबळ दिले आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरून गेली म्हणजे हास्य उत्पन्न होते, असे प्रतिपादन केले. ही उपपत्ती पूर्णतः ग्राह्य धरली, तर ज्या गोष्टीचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक आहे, त्या गोष्टीने त्याला हसू येण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रात मात्र गेल्या अर्धशतकात नेमके याच्या उलट घडत आले आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’, शंकर पाटील यांची ‘धिंड’, द. मा. मिरासदार यांची ‘माझ्या बापाची पेंड’, लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या कृती ध्वनिमुद्रित स्वरूपात घरोघरी गेल्या आणि एकदा ऐकून बाजूला ठेवल्या गेल्या नाहीत. त्या पुनःपुन्हा ऐकल्या गेल्या. श्रोते पुढचे वाक्य ओठांवर घेऊन बसतात, ते वाक्य आले म्हणजे हसतात, आणि शेजारी कोणी नवखा श्रोता असला तर त्याच्या तोंडाकडे पाहून दुसऱ्यांदा हसतात. सांगणारे बहुतेक दिवंगत झाले आहेत; ज्या यंत्रांवर त्या फिती वाजत, ती यंत्रेही अडगळीत गेली आहेत; तथापि त्यांतील आवाज नव्या साधनांवर ऐकला जातच आहे.

या टिकाऊपणाचे कारण कोणते? ‘स्मरणरंजन’ हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर आहे. परंतु ज्या पिढीने गिरगावातील चाळ पाहिली नाही, एस. टी.च्या लाल गाडीतून कोकणचा घाट उतरला नाही आणि पाटलाच्या चावडीची पायरी चढली नाही, ती पिढीही या ध्वनिफिती आवडीने ऐकते. जे कधी अनुभवलेच नाही त्याचे स्मरण कसे होणार? तेव्हा या प्रश्नाचा शोध श्रोत्याच्या गतकाळात घेण्याऐवजी या कृतींच्या घडणीत आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात घेणे अधिक युक्त ठरेल. त्या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे. कोणता आवाज टिकला याबरोबरच कोणता टिकला नाही, हेही त्यात पाहावे लागते. त्या बाजूच्या विचारासाठी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्याचा दाखला पुढे घेतला आहे.

२

एडिसनचे ध्वनिलेखन यंत्र १८७७ चे. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये झाला. त्या वर्षी फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास येऊन गौहरजान आदी कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत मराठी माणसाने जे ध्वनिमुद्रित ऐकले त्यात सर्वांत मोठा वाटा गायनाचा होता. नाट्यपदे, अभंग, लावण्या, आणि गजानन वाटवे व जी. एन. जोशी यांच्या काळात बहरलेले भावगीत यांनी तबकड्यांची सूचिपत्रके भरून गेली. याला अभिरुचीइतकेच यंत्रही कारणीभूत होते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. गाणे तेवढ्यात बसविता येते. गोष्ट बसत नाही. विशेषतः मराठी विनोदी गोष्ट, जिचा पहिला भाग माणसांची ओळख करून देण्यातच जातो, ती तीन मिनिटांत सुरूही होत नाही.

गोष्टीला प्रथम जागा दिली ती नभोवाणीने. मुंबईचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ पाहत होते; पु. ल. देशपांडे यांचाही आकाशवाणीशी आणि पुढे दूरदर्शनच्या आरंभकाळाशी निकटचा संबंध होता. ध्वनिक्षेपकासमोर बोलणे हे सभेत बोलण्याहून निराळे आहे, तेथे आवाज चढविण्याऐवजी जवळ आणावा लागतो, ही जाणीव या लेखकांना कामाच्या ओघातच झालेली होती.

अमेरिकेत १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावू लागला. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोट्या पेटीतील ध्वनिफीत प्रचारात आणली. हिंदुस्थानात तिचा खरा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. तासाभराची फीत, प्रत्येक बाजूस अर्धा तास, आणि विजेच्या घटांवर चालणारे हलके यंत्र, एवढ्या साधनाने मराठी गोष्टीला प्रथमच तिच्या अंगाचे माप मिळाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या मराठी संस्थांनी कथाकथनाच्या फिती काढल्या, आणि पूर्वी नाट्यगृहात तिकीट काढून ऐकावी लागणारी गोष्ट जेवणाच्या पंगतीत, प्रवासात, आजाऱ्याच्या उशाशी ऐकता येऊ लागली.

येथे एक कालविपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. या गोष्टी लिहिल्या आणि रंगमंचावरून सांगितल्या गेल्या त्या मुख्यतः १९५० ते १९७० या काळात. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे, त्याचा एकपात्री प्रयोग १९६१ चा, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ चे. माडगूळकर, पाटील आणि मिरासदार या त्रयीचे एकत्रित कथाकथनही त्याच दशकात महाराष्ट्रभर गाजले. घरोघरी त्यांचा संचार झाला तो मात्र त्यानंतर दोन दशकांनी, फितीच्या द्वारे. अर्थात अनेक श्रोत्यांच्या कानी हे जग प्रथम पडले तेव्हाच ते मावळू लागले होते. ध्वनिफितीतील विनोदाला आरंभापासूनच एक हळवी किनार लाभली, त्याचे एक कारण या कालांतरात आहे.

३

या कथाकथनाला आधुनिक मानले जाते आणि एका अर्थी ते खरेही आहे. तिकीट, ध्वनिक्षेपक आणि छापील लेखकनाम या तिन्ही गोष्टी आधुनिक आहेत. परंतु एका माणसाने उभे राहून अनेक माणसे बोलून दाखवावी आणि समोरच्या समुदायाने रात्र जागवावी, ही रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात हरिदास आख्यान लावतो तेव्हा तोच द्रौपदी होतो, तोच दुर्योधन होतो आणि मध्येच गावातल्या सावकाराचा आवाज काढून सभेला हसवितो. बहुरूपी एकाच देहावर अनेक सोंगे वागवितो. तमाशातील सोंगाड्या तर बतावणीतून राजालाही गावच्या भाषेत बोलावयास लावतो.

तमाशाची ही परंपरा मुळशीच्या शेजारी मावळ तालुक्यात किती समृद्ध होती, याचे प्रमाण म्हणजे इंदोरी गावचे दादू इंदुरीकर. त्यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगाची कीर्ती शहरी नाट्यगृहांपर्यंत पोहोचली आणि १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. दादा कोंडके यांचे कुळही याच पश्चिम पट्ट्यातील भोर तालुक्याचे. वसंत सबनीस यांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ पासून त्यांनी शेकडो वेळा रंगविले.

कीर्तन आणि तमाशा या दोन्ही प्रकारांत श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असते. द्रौपदीला वस्त्रे पुरविली जाणार, सावळ्या कुंभाराच्या गाढवाला बोलता येणार, हे जाणूनच तो येऊन बसलेला असतो. ‘पुढे काय होणार’ हा त्याचा प्रश्न नसतो. ‘हा आज कसे सांगणार’ हा असतो. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे १९८० च्या सुमाराचे मालवणी नाटक याच पायावर उभे आहे. महाभारतातील प्रसंग सर्वांना माहीत असल्यामुळेच गावची नाटकमंडळी तो कसा पार विस्कटून टाकतात, याची गंमत कळते. पुनःश्रवणाचा आनंद ध्वनिफितीने निर्माण केला नाही. तो मराठी श्रोत्याच्या अंगी पूर्वीपासून मुरलेला होता. फितीने त्याला नवे साधन मिळवून दिले, इतकेच.

४

आता या कृतींच्या घडणीकडे वळता येईल. त्यांतील विनोद चुटक्याचा नाही, माणसाचा आहे. चुटक्यात माणूस निमित्तमात्र असतो. शेवटचे वाक्य उच्चारले की त्याचे काम संपते. ‘म्हैस’ या कथेत गाडीखाली म्हैस सापडते ही घटना एवढीच. पुढे जे घडते ते त्या अपघातामुळे थांबलेल्या उतारूंच्या आणि गावकऱ्यांच्या बोलण्यातून. पुढारी पुढाऱ्यासारखा बोलतो, मास्तर मास्तरासारखा, आणि म्हशीचा मालक आपले नुकसान कोणत्या सुरात मांडावे याचा अंदाज घेत असतो. घटनेत रहस्य नसल्यामुळे ती जुनी होत नाही. ओळखीच्या माणसांच्या घरी जावे तसा श्रोता त्या गाडीत पुनःपुन्हा चढतो. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ या कथेतही गंमत भुताची नसून, गावाच्या तोंडी पडल्यावर एखादी साधी गोष्ट कशी वाढत जाते याची आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी लेखननियम प्रमाणभाषेसाठी घडविलेले आहेत. रत्नागिरीच्या चित्पावनी बोलण्यातील अनुनासिक, कोल्हापूरकडील वाक्याच्या शेवटी येणारा झोल, मराठवाड्यातील लांबविलेला स्वर हे त्या नियमांत मावत नाहीत. छापील पानावर शंकर पाटील यांचा पाटील जे बोलतो ते वाचकाला कळते. पण तो कुठे थांबतो, कोणता शब्द गिळतो आणि कोणता चघळतो, हे पाटलांच्या तोंडूनच कळते. तीच गोष्ट लक्ष्मण देशपांडे यांची. १९७९ पासून त्यांनी एकट्याने पन्नासाहून अधिक पात्रे उभी केली, ती वेषांतर करून नव्हे, मुख्यतः उच्चारातील आणि देहबोलीतील भेदांनी. फितीवर देहबोली दिसत नाही, तरी श्रोत्याला पात्रे ओळखू येतात, यावरून आवाजाने किती भार पेलला आहे हे समजते.

तिसरी गोष्ट विरामाची आणि हशाची. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या कल्पिल्या. परस्थ हास्याचा अर्थ लावताना अभिनवगुप्ताने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. आंबट फळ खाणाऱ्याकडे पाहूनच पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे, तसे हास्य एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होते, कारण दुसऱ्याला ठाऊक नसले तरीही. कथाकथनाच्या अनेक फिती प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेल्या आहेत. त्यांत सांगणाऱ्याच्या आवाजाबरोबर समोरच्या समुदायाचे हसणेही बद्ध झाले आहे. आधी एका कोपऱ्यातून फुटणारे, मग सभागृहभर पसरणारे, आणि सांगणारा थांबून वाट पाहत असताना पुन्हा उसळणारे असे ते हसू असते. एकांतात फीत ऐकणारा मनुष्य अशा रीतीने त्या सभेत जाऊन बसतो. त्याला ऐकू येणारी माणसे कधीच विखुरली. त्यांचे एकत्र हसणे तेवढे उरले आहे.

चौथी गोष्ट हास्याखालच्या थराची. ‘अंतू बर्वा’ प्रथम ऐकणारा त्याच्या तिरकस बोलण्याला हसतो. गावात वीज आली तरी ती आपल्या घरात घेण्याचे तो नाकारतो, आणि त्या उजेडात दिसणार ते आपले दारिद्र्यच, असे सुचवितो. हे वाक्य पहिल्या वेळी कोटी वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्यामागचे एकाकी म्हातारपण ऐकू येऊ लागते. विनोद तोच राहतो, पण ऐकणाऱ्याचे वय वाढलेले असते. चुटक्याला असा दुसरा थर नसतो, म्हणून तो एकदाच ऐकता येतो. या कृतींना तो आहे, म्हणून त्या वयोमानानुसार निराळ्या ऐकू येतात. कांटची उपपत्ती येथे खोटी ठरत नाही. ती चुटक्यापुरती खरी आहे, एवढेच म्हणावयाचे.

५

हा अनुभव एकट्या मराठीचा नाही, हे तुलनेने स्पष्ट होईल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत विनोदी कथनाच्या ध्वनिमुद्रिकांची अशीच एक परंपरा आहे. १९५३ मध्ये अँडी ग्रिफिथ याने एका ग्रामीण धर्मोपदेशकाच्या तोंडून फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन मुद्रित केले. आपण काय पाहत आहोत हेच त्या बिचाऱ्याला कळत नाही, आणि शहाण्यांचा खेळ त्याच्या अडाणी वर्णनातून अधिक हास्यास्पद होऊन बाहेर पडतो. मिसिसिपीचा जेरी क्लोअर हा खतांचा विक्रेता. शेतकऱ्यांच्या सभांत माल खपविण्यासाठी तो आपल्या बालपणीच्या गोष्टी सांगे, आणि १९७१ मध्ये त्याच गोष्टींची तबकडी निघून तो देशभर प्रसिद्ध झाला. आपण विनोदी गोष्टी सांगत नसून गोष्टी विनोदाने सांगतो, अशा अर्थाचे तो म्हणे. मिरासदारांच्या भोकरवाडीला आणि क्लोअरच्या गावाला एकमेकांची वार्ता नव्हती, तरी दोघांची रीत एकच आहे. ठरावीक गाव, त्यातील ठरावीक माणसे, आणि त्या गावचीच बोली.

साम्य आणखी खोल आहे. दोन्हीकडे या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या तो काळ खेड्यांतून शहरांकडे होणाऱ्या मोठ्या स्थलांतराचा होता. शहरात गेलेल्या माणसाला आपली बोली कामाच्या ठिकाणी दडवून ठेवावी लागते. तीच बोली शेकडो लोकांच्या सभेत उघडपणे, सन्मानाने आणि हशाच्या गजरात बोलली जात आहे, हे ऐकण्यात त्याला केवळ करमणूक नव्हती. ती त्याच्या बोलीची प्रतिष्ठापना होती.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. शहरी नाट्यगृहात बसलेला मध्यमवर्ग ग्रामीण माणसाच्या बोलण्याला हसतो, तेव्हा ते हास्य उपहासाचे नसते काय? काही वेळा ते तसे होते, हे नाकारता येणार नाही. परंतु सांगणारा कोण आहे, यावर बरेच अवलंबून असते. माडगूळकर माणदेशातले, पाटील कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे, मिरासदार अकलूजचे. ते जे सांगत होते ते त्यांनी दुरून पाहिलेले नव्हते. त्यांच्या कथांत अडाणी ठरतो तो बहुधा गावकरी नसून त्याला शहाणे करावयास आलेला मास्तर, साहेब किंवा पुढारी असतो. पुढे या तिघांनाही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, माडगूळकरांना १९८३ मध्ये अंबाजोगाईस, पाटलांना १९८५ मध्ये नांदेडला आणि मिरासदारांना १९९८ मध्ये परळीस. ग्रामीण बोलीतील विनोदाला साहित्यसंस्थेने दिलेली ती मान्यता होती.

६

आतापर्यंतचे विवेचन जे आवाज टिकले त्यांच्याविषयी झाले. ध्वनिमुद्रणाने कोणते आवाज टिकविले नाहीत हे पाहिल्याखेरीज या विषयाचे ऐतिहासिक मूल्यमापन पुरे होत नाही. मुळशी तालुका यासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण येथे विनोदी आवाजाचे दोन निराळे इतिहास एकमेकांशेजारी दिसतात.

मुळशीचे खोरे मराठी माणसाच्या स्मरणात आहे ते सत्याग्रहामुळे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मुळा नदीवर धरण बांधून खोऱ्यातील गावे पाण्याखाली घालण्याचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्यास प्रतिकार केला. सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि १९२७ पासून घाटाखालच्या भिरा येथील केंद्रातून मुंबईकडे वीज जाऊ लागली. त्या विजेच्या पाठोपाठ माणसेही गेली. पश्चिम पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातील हजारो पुरुषांनी मुंबईत गिरण्यांत, बाजारांत आणि डबे पोहोचविण्याच्या व्यवसायात पोट भरले. ‘बटाट्याच्या चाळी’तील रहिवासी मध्यमवर्गीय कारकून आहेत, परंतु त्यांचा डबा कचेरीत पोहोचविणारा माणूस बहुधा याच डोंगरपट्ट्यातला असे. तो चाळीच्या विनोदात क्वचितच बोलतो. त्याच्या स्वतःच्या हसण्याची फीत निघाली नाही.

अशा पुरुषांची बायकामाणसे बहुधा गावीच राहिली. त्यांच्यापाशी विनोदाचे स्वतंत्र भांडार होते ते पहाटेच्या जात्यावर. ओवी म्हटली की मायलेकींचा जिव्हाळा, भावाची वाट, विठ्ठलाची भक्ती हेच आठवते. परंतु नणंदेची फिरकी, सासूची नक्कल, मुंबईला जाऊन ऐटीत परतलेल्या धन्याला काढलेला चिमटा, विहिणीची थट्टा यांनाही ओवीत भरपूर वाव आहे. सांगणारी आणि ऐकणारी दोघी एकाच खुंट्याला हात लावून बसलेल्या असत, आणि हसू आवरत पीठ पडत असे.

या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आहे, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी मुळशी तालुक्यातील डोंगरी गावांत केलेल्या कामातून ओव्यांचे संकलन सुरू झाले. पुढे ते महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून हा संग्रह सार्वजनिक रीतीने ऐकण्यास खुला होऊ लागला.

दोन्ही ध्वनिमुद्रणांत मराठी ग्रामजीवनाचा आवाज आहे. एक बाजारासाठी झाले, दुसरे संशोधनासाठी. पहिल्यात सांगणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, समोर सभा आहे आणि ती हसते आहे. दुसऱ्यात सांगणारी जात्याशी बसलेली आहे, तिच्या संगतीला दुसरी एखादी आहे, आणि मुद्रणासाठी काही अपरिचित मंडळी आलेली आहेत. पहिले लाखोंनी ऐकले, दुसरे अभ्यासकांनी. कथाकथनाच्या प्रमुख मराठी फितींत स्त्रीने सांगितलेल्या विनोदी कथा जवळजवळ नाहीत, हे विसरता येत नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात जन्मलेल्या मॉम्स मेबली या कृष्णवर्णीय विनोदकर्तीच्या तबकड्या १९६० नंतर निघाल्या आणि खपल्या. मराठी ध्वनिफितीच्या व्यवसायाला आपल्या जात्यावरची मेबली सापडली नाही.

तमाशाच्या बाबतीत निराळ्या प्रकारची हानी झाली. वगाची संहिता रात्रीगणिक बदलत असे. ‘विच्छा माझी पुरी करा’ मधील राजकीय टोमणे ताज्या घडामोडींवर बेतलेले असत. आज सांगितलेले उद्या शिळे होई आणि टाकून दिले जाई. फीत मात्र एकाच रात्रीची निघते. त्या एका रात्रीला ‘मूळ’ म्हणण्याची सवय लागते आणि बाकीच्या रात्री जणू झाल्याच नाहीत असे होते. कथाकथनावरही हा परिणाम दिसतो. नवखा कथाकथनकार पु. लं.ची गोष्ट सांगावयास उभा राहिला, की तो त्यांचे शब्दच नव्हे तर विरामही जसेच्या तसे घेतो. कारण श्रोत्याच्या कानात ते विराम बसलेले असतात आणि त्यांत बदल झाला तर त्याला चूक झाल्यासारखे वाटते. मौखिक परंपरेत ज्याला सांगणाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणत, त्याला फितीच्या युगात पाठभेद म्हणावयाची वेळ आली.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. मराठी विनोदी कथाकथनाच्या ध्वनिफिती टिकल्या त्या विनोदाच्या नवलाईमुळे नव्हेत, आणि निव्वळ गतकाळाच्या ओढीमुळेही नव्हेत. त्यांत माणसे आहेत, त्या माणसांची बोली तिच्या खऱ्या उच्चारासह आहे, आणि त्या बोलीला दाद देणारा समुदायही त्याच फितीत आहे. माहीत असलेली कथा पुन्हा ऐकण्याची जी रीत कीर्तनाने आणि तमाशाने मराठी श्रोत्याला लावली होती, तिला या साधनाने घरात आणून बसविले.

परंतु ‘अभिजात’ ठरलेला हा संग्रह यंत्राच्या मर्यादेने, बाजाराच्या निवडीने आणि नाट्यगृहाच्या श्रोतृवर्गाने घडविलेला आहे, हेही तितकेच खरे. जो विनोद सभागृहात आला तो टिकला. जो जात्यावर, खळ्यावर, पारावर आणि तमाशाच्या फडात राहिला, त्यातील फारच थोडा मुद्रित झाला. मुळशीच्या ओव्यांचा संग्रह उपलब्ध असल्याने त्यातील विनोदाची स्वतंत्र वर्गवारी करणे, त्यातील बोलीची कथाकथनातील बोलीशी तुलना करणे, आणि या पट्ट्यातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून त्यांच्या थट्टामस्करीच्या, फजितीच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून घेणे ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यांना फार मोठे द्रव्यसाहाय्य लागत नाही. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आलेले आहे. लागतो तो वेळ, आणि तो मात्र झपाट्याने कमी होत चालला आहे, कारण जात्याचा आवाज बंद होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत आणि त्यावर बसून हसलेल्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत.